देणगीच्या शेजारी बसणारा माणूस

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बँकेतून निवृत्त होऊन वर्ष झालं, यजमान जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी परदेशात आहे. २० लाख रुपये आणि आठवड्यातले तीन दिवस समाजासाठी द्यायची तुमची तयारी आहे. यजमानांच्या नावाने स्वतःचा ट्रस्ट काढावा की चालू संस्थेला द्यावं, सुरुवात कुठून करावी, आणि अशा माणसाचं आयुष्य आतून कसं असतं, असं तुम्ही विचारलंय. लहानपणी वडील नाना शंकरशेटांच्या गोष्टी सांगायचे, तेव्हापासून हे मनात होतं, असंही लिहिलंय.

मी ३१ वर्षं या कामात आहे. आधी एका सार्वजनिक वाचनालयाचा चिटणीस होतो, मग दोन संस्थांचा खजिनदार झालो, आणि आता रुग्णसाहित्य केंद्रात बुधवारी आणि शनिवारी काउंटरवर बसतो. स्वतःचे पैसे मी फार दिले नाहीत, तेवढे नव्हतेच. दुसऱ्यांनी दिलेले मात्र पुष्कळ सांभाळले. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. ज्या देणगीच्या शेजारी रोज कुणीतरी बसतं, तीच टिकते. म्हणून तुम्ही आधी बसा. चेक नंतर लिहा.

बसणं म्हणजे काय, ते आमच्या केंद्रातलंच सांगतो. आम्ही वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, पाठ उचलता येणारा पलंग, एअरबेड असं साहित्य अनामत घेऊन देतो. भाडं नाममात्र असतं, आणि ज्याला तेही झेपत नाही त्याच्याकडून घेत नाही. वही साधी आहे: वस्तूचा क्रमांक, नेणाऱ्याचं नाव, फोन, अनामत, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख. नवा कार्यकर्ता पहिल्या महिन्यात ही वही भरायला शिकतो आणि त्याला वाटतं की काम एवढंच आहे. पण वॉकर परत येतो तेव्हा बहुतेक वेळा माणूस बरा झालेला असतो. आणणारा हसत येतो, कधी पेढे घेऊन येतो, कधी ज्याच्यासाठी वॉकर नेला होता तोच चालत येतो. पलंग आणि एअरबेड परत येतात तेव्हा आम्ही काही विचारत नाही. टेम्पोतून पलंग उतरत असतो, मुलगा किंवा सून पावती शोधत असते, आणि अनामत हातात पडली की बरेचदा ते पैसे तिथल्या तिथे दानपेटीत टाकायला निघतात.

त्या दिवशी ते पैसे घ्यायचे नाहीत, असा आमच्याकडे नियम आहे. खजिनदार असताना मीच तो आग्रहाने करून घेतला. अंत्यविधीचा खर्च नुकताच झालेला असतो, आणि माणूस ज्या मनःस्थितीत असतो त्यात दिलेलं दान खरं त्याच्या दुःखाने दिलेलं असतं. आम्ही पैसे त्याच्या हातात ठेवतो आणि सांगतो, महिन्याभराने यावंसं वाटलं तर या. पुष्कळ जण येत नाहीत. जे येतात ते कायमचे आपले होतात. आमचे निम्मे कार्यकर्ते असे आलेले आहेत.

आता दुसरी बाजू. व्हीलचेअर देणगी म्हणून द्यायला लोक उत्सुक असतात. वाढदिवस, स्मृतिदिन, लग्नाची पन्नाशी असं काही ना काही निमित्त असतं. एका वर्षी आमच्याकडे ११ नव्या व्हीलचेअर आल्या. व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक सगळ्यात आधी जातं. त्यात केस आणि दोरे गुंतून ते फिरेनासं होतं, मग लोक खुर्ची ढकलत नेतात आणि त्याचं बेअरिंग बसतं. त्यानंतर ब्रेकची पट्टी सैल होते, त्यानंतर सीटचं कापड फाटतं. दोन वर्षांत आमच्या ११ पैकी ७ खुर्च्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि गावात व्हीलचेअर हवी असणारे लोक परत जात होते. नवी खुर्ची द्यायला दोन देणगीदार तेव्हाही तयार होते. चाकं, कापड आणि आठवड्यातून एकदा येणारा मिस्त्री यांच्यासाठी पैसे मागितले, तर एकही माणूस पुढे आला नाही. शेवटी एका निवृत्त शिक्षिकेने वर्षाला ठरावीक रक्कम फक्त दुरुस्तीसाठी द्यायची असं ठरवलं. त्या बाईंचं नाव कुठल्याही भिंतीवर नाही. आज आमच्याकडच्या खुर्च्या फिरतात त्या त्यांच्यामुळे.

आमची एक मोठी चूकही सांगतो, कारण तुमच्याकडेही असा प्रस्ताव येईल. एका संस्थेत असताना आम्हाला रुग्णवाहिका देऊ केली गेली. आम्ही हारतुरे घालून, नारळ फोडून ती घेतली. चालकाचा पगार, विमा, टायर, रात्री फोन कोण उचलणार, यातलं काहीच ठरवलं नव्हतं. पहिल्या वर्षी ती धावली. दुसऱ्या वर्षी चालक सोडून गेला. सहा वर्षांनी ती भंगारात गेली आणि देणगीदाराच्या मुलाने मला विचारलं, "बाबांच्या नावाची गाडी कुठे आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून कुणी वस्तू देऊ केली की मी विचारतो, हिचं पुढच्या पाच वर्षांचं पोट कोण भरणार? देणगीदाराला हा प्रश्न आवडत नाही. तरी विचारायचाच.

आता तुमच्या २० लाखांकडे येऊ. ते स्थायी निधी म्हणून ठेवले आणि सात टक्के व्याज धरलं, तर वर्षाला १ लाख ४० हजार येतात, म्हणजे महिन्याला पावणेबारा हजारांच्या आतच. बँकेत होतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण या आकड्यात पूर्णवेळ माणूस ठेवता येत नाही, हे लोक विसरतात. स्वतःचा ट्रस्ट काढला तर नोंदणी, दरवर्षीचं लेखापरीक्षण आणि कार्यालयाच्या फेऱ्या हे सगळं याच रकमेतून आणि तुमच्याच वेळेतून जाणार.

नोंदणी अवघड नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात अर्ज करायचा. संस्था नोंदणीच्या १८६० च्या कायद्याखालीही जायचं असेल तर किमान सात माणसं लागतात. खरं ओझं नंतरचं असतं. विश्वस्त बदलला, वारला किंवा त्याने राजीनामा दिला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. तो मंजूर होऊन परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदपत्रकावर, नाव चढेपर्यंत बँक सही बदलायला कुरकुर करते. अनेक चांगल्या संस्था मी अशाच अडकलेल्या पाहिल्या आहेत: पाचपैकी तीन विश्वस्त हयात नाहीत, उरलेल्या दोघांचं पटत नाही, चेंज रिपोर्ट प्रलंबित, खात्यावर पैसे आहेत पण काढता येत नाहीत. एका ठिकाणी तर गरीब मुलांच्या फीचे पैसे बँकेत पडून होते आणि मुलं शाळा सोडत होती. ट्रस्टच्या नावे जागा किंवा फ्लॅट दिलात तर ती विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हे योग्यच आहे, नाहीतर कितीतरी देवस्थानांच्या जमिनी केव्हाच गेल्या असत्या. पण देण्याआधी हे माहीत असावं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. स्वतःचा ट्रस्ट काढू नका. चांगल्या, हिशेबाला चोख असलेल्या संस्थेत यजमानांच्या नावाने वेगळा निधी ठेवा आणि तो कशासाठी आहे हे लेखी ठरवून घ्या. मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याज या या कामासाठीच, ते काम बंद पडलं तर त्याच्या जवळच्या कुठल्या कामाला वळवायचं, आणि वर्षातून एकदा त्या निधीचा स्वतंत्र हिशेब तुम्हाला मिळणार. एवढं असलं की पुरे. कार्यकारी मंडळाचा ठराव, त्याला सूचक आणि अनुमोदक, आणि इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत घ्या. तोंडी आश्वासन देणारा अध्यक्ष कितीही सज्जन असला तरी त्याची मुदत तीन नाहीतर पाच वर्षांची असते.

तुमच्या वडिलांनी नानांच्या गोष्टी सांगितल्या म्हणून आवर्जून लिहितो. नाना शंकरशेट म्हटलं की लोकांना रेल्वे आठवते, श्रीमंती आठवते. मला त्यांचं बसणं आठवतं. १८४० मध्ये ते बोर्ड ऑफ एज्युकेशनवर, म्हणजे तेव्हाच्या सरकारी शिक्षण मंडळावर गेले आणि पुढे वर्षानुवर्षं तिथे बसले. मराठीतून शिक्षण द्यावं म्हणून तिथे वाद घातला. मुलींच्या शाळेला स्वतःच्या वाड्यात जागा दिली, तीही अशा काळात, जेव्हा मुलीला शाळेत पाठवणं हीच मोठी गोष्ट होती. १८५२ मध्ये लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी बॉम्बे असोसिएशन उभी राहिली त्यातही ते पुढे होते. पैसे देऊन ते घरी बसले नाहीत. आणि त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती पाहा. नाना १८६५ मध्ये गेले. १९१२ मध्ये चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले तेव्हा त्यांना ती मिळाली, आणि आजही दहावीला संस्कृतात चमकलेल्या मुलाच्या घरी ते नाव अभिमानाने घेतलं जातं. असं का टिकलं? निकष एका ओळीत सांगता येतो, इमारत नाही, चालक नाही, टायर नाहीत. माझ्या रुग्णवाहिकेच्या जवळ हे ठेवून पाहिलं की मला ते पटतं.

अट घालण्याबद्दल तुम्ही संकोचाने विचारलंय, आपण दान देतो तर अट कशी घालावी? जरूर घालावी. मुंबईत माहीमची खाडी ओलांडताना होड्या बुडून माणसं मरत, तेव्हा जमशेटजी जिजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी पुलासाठी १ लाख ५७ हजार रुपये दिले. १८४५ मध्ये रस्ता खुला झाला. त्यांची अट एकच होती: ये-जा करणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. पाहा, ही अट स्वतःच्या मोठेपणासाठी नव्हती, ज्याला त्या रस्त्यावरून चालायचं होतं त्याच्यासाठी होती. अट घालताना मी हीच कसोटी लावतो. "उद्घाटन माझ्या हस्ते" ही अट देणाऱ्यासाठी आहे. "कुणाकडूनही शुल्क नको" ही घेणाऱ्यासाठी आहे. दुसऱ्या प्रकारची कितीही घाला.

नावाचंही तसंच. नाव द्यायला हरकत नाही, त्यात कमीपणा काही नाही. विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले आणि आईचं, नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला लागलं. आज लाखो मुलींच्या पदवीवर ते नाव आहे. प्रेमचंद रायचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी पैसे दिले, मनोऱ्याला आईचं नाव, राजाबाई. त्यानंतर लगेच १८६५ मध्ये शेअरबाजार कोसळला त्यात त्यांची बरीच संपत्ती गेली, मनोरा मात्र १८७८ मध्ये पूर्ण झाला. द्यायचं ते हातात असतानाच दिलं म्हणून ते राहिलं. तुम्हीही "आणखी थोडे जमले की देईन" असं करत बसू नका. फक्त सहा महिने थांबा, ते कशासाठी ते पुढे सांगतो.

पण ताई, ठाकरसींच्या १५ लाखांच्या आधी वीस वर्षं काय होतं, तेही डोळ्यांपुढे ठेवा. १९०० मध्ये पुण्याजवळ हिंगण्याला रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जागा आणि झोपडीसाठी ७५० रुपये दिले. त्या झोपडीत कर्व्यांचा विधवांसाठीचा आश्रम भरू लागला. अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसनमध्ये शिकवायचे आणि शिकवून झालं की चालत हिंगण्याला जायचे. रस्ता धड नव्हता. आपली ५ हजारांची विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी आश्रमाला दिली. घरच्यांना ते जड गेलं, आणि ते जाणं स्वाभाविक होतं. पुढे १९३६ मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, खेड्यांतल्या शाळांसाठी त्यांनी मंडळ काढलं आणि पुन्हा वर्गणी मागत हिंडले. १५ लाख देणाऱ्याला आपला पैसा कुठे द्यावा हे कळलं, कारण तिथे वीस वर्षं एक माणूस बसलेला दिसत होता.

घरच्यांचा विषय निघालाच आहे तर तो नीट बोलू. सार्वजनिक कामातल्या माणसाचं आयुष्य बाहेरून भरलेलं दिसतं. घरातल्यांना मात्र तो उशिरा जेवणारा, सणाच्या दिवशी फोनवर असणारा माणूस असतो. माझ्या पत्नीने पहिली दहा वर्षं तक्रार केली नाही, अकराव्या वर्षी केली, आणि तिचं बरोबर होतं. तेव्हापासून रविवार मी कुणालाही दिला नाही. तुम्ही एकट्या आहात म्हणून तीन दिवस सहज देता येतील असं तुम्हाला वाटतंय. दोनच द्या. तिसरा दिवस काम स्वतःहून मागून घेतं. आणि मुलीला सुरुवातीपासून सांगत राहा. तिला नंतर कुणा तिसऱ्याकडून कळलं की दुरावा येतो. पैशांमुळे तो येत नाही, आपल्याला विचारलं नाही यामुळे येतो.

आता नागरिक म्हणून करायच्या कामाबद्दल, कारण देणगी आणि हे काम वेगळं आहे. मागे एका नगरपालिकेच्या दवाखान्याला चढउतारासाठी रॅम्प नव्हता. तीन पायऱ्या होत्या आणि म्हाताऱ्या माणसांना दोघांनी धरून चढवावं लागे. एक देणगीदार दुसऱ्याच दिवशी पैसे द्यायला तयार झाले. मी नको म्हटलं, त्यावर ते माझ्यावर रागावले. माझं म्हणणं असं होतं की ही इमारत लोकांच्या कराच्या पैशांची आहे, रॅम्प बांधणं हे त्या कार्यालयाचं काम आहे, आणि आपण पैसे दिले तर पुढच्या दवाखान्यालाही ते देणगीदारच शोधतील. आम्ही अर्ज केला. उत्तर नाही. दुसरा केला. मग माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा स्टॅम्प लावून विचारलं की आमच्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, ती फाइल कुणाकडे आहे. ३० दिवसांच्या आत उत्तर आलं की फाइल बांधकाम विभागात आहे. मग बांधकाम विभागात गेलो. एकूण १४ महिने गेले. रॅम्प झाला, कठडाही झाला, आणि पुढच्या वर्षी उरलेल्या दोन दवाखान्यांना न मागता झाला. त्या देणगीदाराच्या पैशांतून आम्ही केंद्रात चार एअरबेड घेतले, वर दोन वर्षांच्या पंप दुरुस्तीची तरतूदही केली.

या कामाचं हत्यार म्हणजे पोच. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्यायचा. शिक्का मारायला टाळाटाळ झाली तर तिथेच खुर्चीवर शांत बसायचं, आवाज चढवायचा नाही. टेबलामागचा कारकून बहुतेक वेळा वाईट नसतो, त्याच्याकडे चार माणसांचं काम असतं. त्याचं नाव विचारा, पुढच्या वेळी नावाने बोला. माझी अर्धी कामं अशा कारकुनांनी केलेली आहेत आणि त्यांचे आभार मानणारं पत्र मी दरवर्षी साहेबांच्या नावे पाठवतो, म्हणजे ते त्यांच्या कागदपत्रांत जातं.

एकट्याच्या अर्जापेक्षा पन्नास सह्यांचा अर्ज जड असतो. ही आपल्याकडची जुनी रीत आहे. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली तेव्हा सभासद व्हायला किमान ५० माणसांचं मुखत्यारपत्र लागायचं, म्हणजे मी कुणाच्या वतीने बोलतो हे आधी दाखवावं लागे. गणेश वासुदेव जोशी यांना लोक "सार्वजनिक काका" म्हणू लागले ते यातूनच. आजही कुणी मला सांगितलं की "लोकांचं म्हणणं असं आहे", तर मी विचारतो, किती लोकांचं, सह्या आहेत का?

पैशांच्या हाताळणीत तुम्ही माझ्यापेक्षा तरबेज असाल, तरी थोडं सांगतो. दानपेटी दोघांनी मिळून उघडायची आणि मोजायची, दोघांच्या सह्या करायच्या, रोकड रात्रभर कुणाच्याही घरी ठेवायची नाही, स्वतःच्या तर नाहीच. उपचारासाठी मदत मागायला कुणी आला तर चेक रुग्णालयाच्या नावे काढायचा. आणि "नाही" म्हणायचं असेल तर त्याच दिवशी म्हणायचं. चार आठवडे "बघू, बघू" करून मग नाही म्हटलं, तर तो माणूस दुसरीकडे जायची वेळ गमावून बसतो. या "बघू"मुळे एका मुलाची प्रवेशाची तारीख गेली. ते माझ्याकडून झालं होतं, आणि मला तो मुलगा अजून दिसतो. आयकराचंही पाहून घ्या: २ हजारांपेक्षा जास्त रोख देणगीला वजावट नाही, वस्तूरूपाने दिली तर नाही, आणि तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर ती मिळतच नाही. वजावटीसाठी तुम्ही देत नाही आहात हे मला कळतं, पण संस्थेकडे ऐंशी-जी, म्हणजे देणगीवर वजावट मिळण्याची आयकराची मान्यता, आहे का आणि तिचे लेखे वेळच्या वेळी दाखल होतात का, हे पाहिलं की तिची शिस्त कळते. मदत घेणाऱ्याचे फोटो काढायचे नाहीत, हेही पहिल्याच दिवशी ठरवून टाका. शाळेची फी भरल्याचा फोटो त्या मुलीच्या वर्गातल्या सगळ्यांच्या फोनवर जातो.

लहान देणगीदारांना कमी लेखू नका, त्यांच्याशी वेळ काढून बोला. तळेगावचा काचकारखाना १९०८ मध्ये निघाला तो पैसा फंडातून. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा. पैसा गोळा करायला किती माणसं दारोदार गेली असतील याचा विचार करा. तेवढ्या दारांत त्या कामाची गोष्ट पोचली. आमच्याकडे महिन्याला १०० रुपये देणारे १४० जण आहेत. एखादा मोठा देणगीदार रुसला तरी केंद्र चालू राहतं, ते त्यांच्यामुळे.

आणखी एक अवघड गोष्ट म्हणजे सोडणं. दहा-पंधरा वर्षं खुर्चीत बसलं की माणसाला वाटतं माझ्याशिवाय चालणार नाही, आणि संस्थेतले लोकही तसंच बोलून दाखवतात. गाडगेबाबांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली, तीही भीक मागून, कीर्तनं करून, गावोगाव खराटा फिरवत. १९४९ मध्ये ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. हातातली चालती गोष्ट, दुसऱ्याकडे जास्त चांगली चालेल म्हणून देऊन टाकायची, हे मला देणगीपेक्षा फार मोठं वाटतं. मी खजिनदारपद सोडलं तेव्हा पहिले तीन महिने हात शिवशिवत होते. नव्या मुलीने हिशेब संगणकावर घेतला, माझी खतावणी कपाटात गेली. आता ती मला विचारत नाही, आणि हिशेब माझ्या वेळेपेक्षा आधी पूर्ण होतो.

तर तुम्ही असं करा. पुढचे सहा महिने चेकबुक घरी ठेवा. तुमच्या जवळच्या दोन संस्था निवडा, शक्यतो एक आजारी माणसांसाठीची आणि एक मुलांसाठीची. तिथे पद मागू नका, देणगीचं बोलू नका, नाहीतर लोक तुम्हाला खुर्ची देतील आणि चहा देतील, काम देणार नाहीत. वह्या लिहा, फोन घ्या, कपाटं आवरा. वार्षिक सर्वसाधारण सभेला मागच्या रांगेत बसा आणि पाहा: ताळेबंद आधी वाटला होता का, प्रश्न विचारणाऱ्याला नीट उत्तर मिळतं का, पाच वर्षांपूर्वीचे कार्यकर्ते अजून येतात का. सहा महिन्यांत तुम्हाला कळेल की कुठल्या जागी दरवर्षीचे १ लाख ४० हजार सगळ्यात जास्त उपयोगी पडतील. माझा अंदाज आहे की ते दुरुस्ती, औषधं, प्रवासभाडं किंवा एखाद्या मदतनिसाचा अर्धा पगार अशा कुणाच्या नजरेत न भरणाऱ्या खर्चावर येऊन थांबेल. यजमानांचं नाव त्यालाच द्या.

आणि मृत्युपत्रात काही ठेवणार असाल तर संस्थेचं नाव नोंदणी क्रमांकासह, नोंदणीच्या दाखल्यावर जसं आहे तसंच लिहा. "गावातल्या अनाथ मुलांच्या संस्थेला" असं लिहिलेलं एक मृत्युपत्र मी पाहिलं आहे. गावात अशा दोन संस्था होत्या. दोन्ही चांगल्या, दोन्ही गरजू, आणि दोघींचेही वकील उभे राहिले. मुलगी सुट्टीला येईल तेव्हा कागद तिच्यासमोर वाचा, तिला काय वाटतं ते लिहायच्या आधी ऐका, आणि एक प्रत तिच्याकडे द्या.